झडप फिरते तो क्षण

तापलेल्या उत्प्रेरकावरून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण वाहू लागले, की काही वेळाने मिथेन तयार होण्याचा वेग स्थिरावतो. हा वेग कितीही अचूक मोजला, तरी पृष्ठभागावर थोडेच कार्बन अणू झपाट्याने काम करत आहेत की पुष्कळ अणू रेंगाळत आहेत, हे त्यातून कळत नाही. ते पाहायचे तर सुरळीत चाललेल्या अभिक्रियेला डिवचावे लागते. समतोल क्षणात बिघडवून अतिजलद अभिक्रियांचा अभ्यास केल्याबद्दल मान्फ्रेड आयगेन, रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांना १९६७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

इथला डिवचण्याचा प्रकार त्याहून सौम्य आहे. चार तोंडांची झडप फिरते आणि नेहमीच्या कार्बन-१२ असलेल्या वायूच्या जागी कार्बन-१३, म्हणजे कार्बनचाच किंचित जड प्रकार, असलेला वायू आत येतो. दोन्ही नळ्यांमधला दाब आणि प्रवाह आधीच जुळवलेले असल्यामुळे अभिक्रियेचा वेग जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो फक्त अणूंवरचा शिक्का. दाब जुळला नसेल, तर आलेखावर उमटणारा उंचवटा रसायनाचा नसून नळीचा असतो, आणि नवशिका नेमका त्यालाच शोध समजतो.

पहिल्या वायूत थोडा आर्गॉन मिसळलेला असतो. तो कशातही भाग घेत नाही. म्हणूनच बदल उपकरणापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ तो प्रामाणिकपणे सांगतो. संगणकाने झडपेला आज्ञा दिल्याची वेळ शून्य मानणे चूक, कारण झडप फिरायला आणि वायू नळीतून यायलाही वेळ लागतो.

बाहेर येणारे रेणू वस्तुमानावरून ओळखणारे हे उपकरण, म्हणजे इथला वस्तुमान वर्णपटमापक, एका वेळी एकच वस्तुमान पाहतो. पाच वस्तुमानांना प्रत्येकी १०० मिलिसेकंद दिले, तर त्याच वस्तुमानाकडे परत यायला किमान अर्धा सेकंद जातो. म्हणून संगणकाने पूर्ण फेरीला एकच वेळ न लावता प्रत्येक वाचनाची वेळ स्वतंत्रपणे नोंदवली पाहिजे. शिवाय कार्बन-१३ चा मिथेन १७ या वस्तुमानावर दिसतो आणि पाण्याच्या रेणूचा तुकडाही तिथेच येतो. पाणी आधी अडवले नाही, तर दोघांची बेरीजच नोंदली जाते.

झडप फिरल्यावर पडद्यावर आर्गॉनची रेषा घसरते आणि कार्बन-१२ च्या मिथेनची रेषा तिच्यामागून हळूहळू उतरते. दोन्ही रेषा ० ते १ या एकाच मापावर आणल्या, की त्यांच्यामधले क्षेत्रफळ म्हणजे मिथेन होऊ घातलेल्या कार्बनचा पृष्ठभागावरचा सरासरी मुक्काम, सेकंदांत. त्याला मिथेनच्या वेगाने गुणले, की तिथे काम करणाऱ्या कार्बन अणूंची संख्या हाती येते.