‘कऱ्हाड’ शोधलं, सापडलं नाही

[दृश्य : संगणकाचा पडदा. शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हाड’ टाइप होतं. खाली ओळ येते – एकही नोंद नाही.]

लेख आपल्या भागातल्या नियतकालिकांच्या डिजिटल संग्रहात आहे. आगाशिवच्या लेण्यांवरचा आहे. पहिल्याच ओळीत कऱ्हाड हे नाव आहे, पान उघडलं तर ते स्वच्छ वाचता येतं. तरी शोधणाऱ्याला संगणक ‘नाही’ म्हणतो.

कारण या शब्दातलं ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे ‘ह’ जोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’ घेऊन त्याचा पाय मोडतात, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं आणि शेवटी ‘ह’. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात. संगणक आकार पाहत नाही, आतले क्रमांक पाहतो. त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तसंच. एका क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर असतं, आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेलंही असतं. त्यात कुणी सरळ ‘कराड’ लिहिलेलं असतं, ते वेगळंच.

अशा वेळी मूळ मजकुराला हात लावायचा नाही. लेखकानं जे लिहिलं, ते तसंच राहतं. शोधासाठी वेगळी सूची करायची, तिच्यात ही सगळी रूपं एका रूपावर आणायची आणि गावांच्या पर्यायी नावांची यादी जोडायची. कऱ्हाड, कराड, करहाटक टाकलं तरी लेख मिळाला पाहिजे. जो लेख शोधून मिळत नाही, तो वाचकापुरता हरवलेलाच असतो.

[दृश्य : वाईचा घाट. कपाटातले जाडजूड खंड.]

सातारा जिल्ह्याला ग्रंथसंपादनाची मोठी परंपरा आहे. धर्मकोशाचे खंड वाईत सिद्ध झाले. मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चाललं. त्याचा पहिला खंड 1976 साली आला, विसावा 2015 साली. इथल्या आणि सांगलीकडच्या महाविद्यालयांतून, संशोधन मंडळांतून नियतकालिकंही निघतात. त्यांतलं बरंच लेखन दुसरीकडे कुठेच छापलेलं नसतं. एखाद्या गावच्या शिलालेखाचं वाचन, दुष्काळी पट्ट्यातल्या तलावांची पाहणी, बोलीतल्या शब्दांची यादी, हे सगळं दीड-दोनशे प्रतींच्या अंकात येतं आणि तिथंच थांबतं.

[दृश्य : कागदी पाकिटातली सीडी. वर पेननं लिहिलंय – वर्ष, अंक.]

छापील अंक निदान कपाटात सापडतो. अडचण खरी सुरू होते ती डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याच्या, काळातल्या अंकांपासून. 1990 नंतरची कितीतरी वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवला गेला आणि पानं पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये लावली गेली. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 7.0, तीही 2001 सालची. सीडी आजही वाचली जाते, फाइलही कदाचित उघडते, पण फॉन्ट नसेल तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात.

त्या फॉन्टांमध्ये ‘क’च्या जागी खरं तर एखादं रोमन अक्षर साठवलेलं असायचं आणि फॉन्ट फक्त त्यावर ‘क’चं चित्र चढवायचा. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. म्हणून एका फॉन्टचं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीत, रूपांतर करणारं कोष्टक दुसऱ्याला चालत नाही. शिवाय क्रमाचा घोळ आहे. ‘किती’ लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई, कारण छपाईत ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. रफाराचं याच्या उलट. ‘सूर्य’मधला रफार जुन्या मजकुरात ‘य’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं हा क्रम फिरवला नाही, तर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मजकुरात मध्येच इंग्रजी नाव किंवा सूत्र असेल आणि कोष्टक सरसकट लावलं, तर त्या इंग्रजीचं अर्थहीन देवनागरी होतं. तळटीपांत हे सर्वांत जास्त होतं, आणि तळटीपा कुणी तपासत नाही. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन माणसानंच करायचं, आणि सुरुवात तळटीपांपासून करायची.

मूळ सीडीतली पेजमेकरची फाइल, फॉन्टची फाइल, त्यातून निघालेला युनिकोड मजकूर, छापील अंकाचं स्कॅन, हे चारही ठेवायचे. उद्या रूपांतरात चूक सापडली, तर परत मुळाकडे जाता आलं पाहिजे.

[दृश्य : स्कॅनर. एक पान उलटलं जातं. खाली पट्टी आणि रंगपट्टी ठेवलेली.]

स्कॅनिंगचा हिशोब सोपा आहे. ए-फोर आकाराचं पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, रंगीत स्कॅन केलं की 2480 गुणिले 3508 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे न दाबलेल्या टिफ या चित्रफाइलीच्या स्वरूपात एका पानाला साधारण 26 एमबी. 120 पानांचा अंक सव्वातीन जीबीच्या आत बसतो. त्रैमासिकाचे चाळीस वर्षांचे 160 अंक झाले 500 जीबी. हे सगळं एका साध्या डिस्कवर मावतं. वाचकांसाठीची हलकी पीडीएफ वेगळी काढायची. डिस्कचा खर्च या कामात गौण आहे. महाग असतो तो अंक पानेवार तपासणारा माणूस, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच राहून जातो.

पानेवार म्हणजे अक्षरशः पानेवार. बांधीव खंड असेल तर बाइंडरनं मुखपृष्ठं आणि मलपृष्ठं काढून टाकलेली असतात. मुद्रणालय, किंमत, संपादक मंडळ यांची माहिती बहुधा तिथेच असते. शुद्धिपत्राची चिठ्ठी सुटी असते, ती पडून जाते. मग ज्या लेखात लेखकानं स्वतः दुरुस्ती दिली होती, तो लेख चुकीच्या आकड्यासह कायमचा जपला जातो. म्हणून दुसऱ्या ग्रंथालयातली सुटी प्रत मिळवून दोन्ही ताडून पाहायच्या.

नोंद करताना जोडअंक हमखास चुकतात. ‘अंक 3-4’ हा एक अंक आहे. दोन मानला तर पुढे कुणीतरी नसलेला चौथा अंक शोधत बसतं. जुन्या अंकांवर शालिवाहन शक असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना माहीत असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. शके 1850चा फाल्गुन हा 1929चा आहे, 1928चा नव्हे. म्हणून छापलेली तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि काढलेली तारीख दुसऱ्या रकान्यात लिहायची. लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, आद्याक्षरांसह पूर्ण. नियतकालिकाची ओळख सांगणारा आयएसएसएन क्रमांक आठ अंकी असतो. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे टायपिंगची चूक तिथंच पकडता येते. नियतकालिकानं नाव बदललं असेल तर जुनं नाव पुसायचं नाही, दोन्ही नोंदी एकमेकींना जोडायच्या.

[दृश्य : पडद्यावर 64 अक्षरांची एक लांब ओळ.]

फाइल हाती आली की पहिल्याच दिवशी तिचा ठसा घ्यायचा. एसएचए-256 ही पद्धत कोणत्याही फाइलमधून 64 अक्षरांची ओळ काढते. फाइलमधला एक बिट जरी पालटला, तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. ठसा घेताना तारीख लिहायची. प्रत दुसरीकडे नेली की पुन्हा ठसा काढून ताडायचा. मग दर सहा महिन्यांनी. डिस्कवरची फाइल कुणी न उघडताही बिघडू शकते, आणि ठसा नसेल तर ते कळतच नाही.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम सगळीकडे सांगतात. पण आपोआप जुळणारी प्रत ही सुरक्षित प्रत नसते. क्लाउडवरची फोल्डरं आपसांत जुळत राहतात. इथं फाइल पुसली की तिथंही पुसली जाते, इथं खंडणीखोर व्हायरसनं कुलूप घातलं की तिथंही कुलूपबंद फाइलच पोचते. म्हणून एक प्रत तारेनं कशालाही न जोडलेली हवी. आणि कुठलीच प्रत संपादकाच्या खासगी खात्यात नको. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर आतल्या सगळ्यासह पुसलं जाऊ शकतं, हे त्यांच्या नियमातच आहे. संपादक निवृत्त होतो, फोन बदलतो, पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. खातं संस्थेच्या नावाचं हवं, आणि त्याची किल्ली दोन पदांकडे हवी.

[दृश्य : सांगली. आयर्विन पुलाच्या खांबावरची फुटांची पट्टी.]

दुसरं गाव म्हणजे कोणतं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शहरात पाणी शिरलं, ग्रंथालयांतली पुस्तकं भिजून फुगली. त्याच दिवसांत कोल्हापूरही पाण्यात होतं. तेव्हा सांगलीची प्रत कोल्हापुरात आणि कोल्हापूरची सांगलीत ठेवली, तर एकाच पावसानं दोन्ही जातात. साताऱ्याकडे भूकंपाचा विचार करावा लागतो. कोयनानगरचा 11 डिसेंबर 1967चा धक्का पाटण खोऱ्यानं सोसलेला आहे. म्हणून तिसरी प्रत कृष्णेच्या खोऱ्याबाहेर हवी. नागपूर चालेल. आणि गावातली प्रत तळमजल्यावर नको. सर्व्हर वजनदार म्हणून तळमजल्यावर ठेवतात, पाणी तिथंच आधी येतं.

प्रती एकमेकींशी ताडून पाहण्याची एक चांगली पद्धत 1999 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. तिचं नाव लॉक्स. अनेक ग्रंथालयं तेच नियतकालिक आपापल्या यंत्रावर ठेवतात, यंत्रं परस्परांच्या प्रती तपासतात, आणि एकाची प्रत बिघडली की इतरांच्या मेळातून ती दुरुस्त होते. आपल्याकडच्या चार महाविद्यालयांनाही हे तत्त्व वापरता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही, आपसांतला लेखी करार लागतो.

करार हा या कामाचा कायदेशीर पायाच आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं त्याचा हक्क राहतो. 2012च्या दुरुस्तीनं विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा दिली: ज्या ग्रंथाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आहे, तो जतनासाठी डिजिटल स्वरूपात साठवता येतो. साठवता येतो, जगापुढे खुला करण्याची परवानगी त्यात नाही. म्हणून नव्या लेखांसाठी लेखकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. प्रती करण्याची, काळानुसार फाइलचं स्वरूप बदलण्याची, आणि नियतकालिक बंद पडलं तर लेख खुला करण्याची परवानगी. तिसरी राहिली, तर प्रकाशक गेल्यावर लेख कुलपातच राहतो.

प्रकाशक जातात, ही कल्पना नव्हे. 2000 ते 2019 या काळात जगभरची 170हून अधिक मुक्त, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारी, संशोधन नियतकालिकं आंतरजालावरून नाहीशी झाल्याचं आढळलं आहे. संकेतस्थळाच्या नावाची वार्षिक फी भरली गेली नाही, एवढंही त्याला पुरतं. डीओआय हा लेखाचा कायमचा ओळखक्रमांक घेतला म्हणजे लेख जपला गेला, असा एक समज आहे. तो क्रमांक फक्त पत्ता दाखवतो. घर हललं आणि नवा पत्ता कळवला नाही, तर तो रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो.

लेख मागे घेतला गेला तरी संग्रहानं तो गुपचूप काढून टाकू नये. त्या पत्त्यावर शीर्षक, लेखक, मागे घेतल्याची तारीख आणि कारण राहू द्यावं. ज्यांनी त्या लेखाचा आधार घेतला, त्यांना ते कळण्याचा हक्क आहे.

[दृश्य : मे महिना. वाचनालयाच्या खिडकीबाहेर कडक ऊन. टेबलावर एक कोरा संगणक.]

आता सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, संग्रहातल्या वीस फायली चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. त्या गावाबाहेरच्या प्रतीतून मागवायच्या, ज्या संगणकावर आपले फॉन्ट आणि प्रोग्रॅम नाहीत अशा संगणकावर उघडायच्या. ठसा जुळतो का, पानं पुरी आहेत का, मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला तर मराठीच येतं का, ‘कऱ्हाड’ दोन्ही तऱ्हांनी आणि ‘कराड’ लिहूनही शोधून सापडतं का, हे पाहायचं. हे काम फायली चढवणाऱ्यानं करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. किती वेळ लागला तेही लिहायचं. वीस फायली परत आणायला चार दिवस लागत असतील, तर पूर्ण संग्रहाला किती लागतील याचा अंदाज येतो.

अठरा उघडल्या आणि दोन नाहीत, तर तसंच नोंदवहीत लिहायचं, सहीनिशी. आणि त्या दोन, नदी चढायच्या आत, तिसऱ्या प्रतीतून परत आणायच्या.