काटा कुठे लावायचा?

(दृश्य : सकाळ. पुण्यातली एक सोसायटी. जिन्याखाली दोन कचरावेचक बायका कचरा निवडतायत.)

दूधपिशव्या एकीकडे. पुठ्ठा दुसरीकडे. पत्र्याचा डबा वेगळा, काच वेगळी, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. कागदात गुंडाळून लाल ठिपका काढलेलं पुडकं मात्र उघडायचं नाही. त्यात डायपर किंवा सॅनिटरी पॅड असणार.

चक्राकार अर्थव्यवस्था हा शब्द या दोघींनी कदाचित ऐकलाही नसेल. वापरून झालेली वस्तू फेकून न देता पुन्हा कारखान्यात आणि तिथून पुन्हा घरात फिरती ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. ते काम तर इथे चालूच आहे. पण एखादं शहर यात किती पुढे गेलं, हे मोजायचं कसं?

आपल्या ओळखीची परीक्षा म्हणजे स्वच्छ सर्वेक्षण. 2016 मध्ये 73 शहरांपासून ते सुरू झालं. 2023 च्या सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत बरोबरीनं पहिले आले, नवी मुंबई तिसरी, आणि एक लाखाच्या आतल्या गावांत आपलं सासवड पहिलं. या परीक्षेच्या धाकानं कितीतरी नगरपालिका जाग्या झाल्या, हे खरंच. तरी रस्ता चकाचक दिसणं वेगळं आणि वस्तू पुन्हा वापरात जाणं वेगळं. कचरा दूर नेऊन टाकला तरी रस्ता स्वच्छच दिसतो. दूर म्हणजे कुठे, ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या त्यांनी उगाच अडवल्या नव्हत्या.

(दृश्य : वजनकाट्यावर चढणारा कचऱ्याचा ट्रक.)

पालिकेचा काटा ट्रकखाली असतो. म्हणजे वजन होतं ते शहरानं टाकलेल्या मालाचं. जे ट्रकमध्ये चढलंच नाही, कुणीतरी आधीच निवडून घेतलं, ते या काट्यावर येतच नाही.

पुण्यात ते एकदा मोजलं गेलं. 1993 मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी 2001 मध्ये एक अभ्यास झाला. कचरावेचक माल वेचतात, त्यामुळे पालिकेचा कचरा वाहून नेण्याचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब त्यात मांडला होता. त्या हिशेबाचा उपयोगही झाला. नोंदणी झालेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता पुणे महापालिका भरू लागली. पुढे 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार झाला.

ॲमस्टरडॅमनं दुसरं टोक धरलं. 2030 पर्यंत नव्या कच्च्या मालाचा वापर निम्म्यावर आणायचा आणि 2050 पर्यंत शहर पूर्ण चक्राकार करायचं, असं त्या शहरानं 2020 मध्ये ठरवलं. त्यामुळे शहरातून बाहेर काय जातं याच्या आधी आत काय येतं, हे त्यांना बघावं लागतं. बांधकामाचा माल, अन्न, घरात येणाऱ्या वस्तू.

आपल्याकडे हे मोजायला बसलं तर पंचाईतच होईल. जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण कुठल्या रकान्यात बसवायची? बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात विकला जाणारा नळ, पंखा, सायकलचं चाक? मिक्सर दुरुस्त करून देणारा टपरीवाला? वस्तू कचरा व्हायच्या आधीच वाचवणारी ही माणसं. त्यांच्यामुळे जे वजन घटतं, त्याची पावती कुणीच फाडत नाही.

(दृश्य : दुपार. भंगाराचं दुकान.)

सकाळच्या त्या दोघी आता इथे आल्यात. पोती एकामागून एक तराजूवर चढतात. पुठ्ठा. पत्रा. दूधपिशव्या. दुकानदार वजन सांगतो. त्यातली एक मान वाकडी करून काट्याकडे बघते, म्हणते, “पोतं सरळ ठेवा, मग बघा.”

तो पोतं सरळ करतो. वहीत आधीचा आकडा खोडून नवा लिहितो.