कवचात न मावणारं कासव

(दृश्य : कोकणातला किनारा, भल्या सकाळी.)

७ एप्रिल २०१७. त्या दिवशी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सुवर्णकमळ मिळालं सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला. त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस गुन्हेगार नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असं धरा आणि त्याची काळजी घ्या, असं हा कायदा सांगतो. जागतिक आरोग्य दिनही तोच, आणि त्या वर्षीचा विषय होता नैराश्य. ठरवूनही इतकं जुळून आलं नसतं.

‘कासव’ची गोष्ट थोडकी आहे. आयुष्य संपवायला निघालेला एक तरुण, म्हणजे आलोक राजवाडे, आजारी अवस्थेत जानकीला सापडतो. जानकी, म्हणजे इरावती हर्षे, त्याला आपल्या कोकणातल्या घरी आणते. तीही नैराश्यातून सावरत असते. ती त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. खाऊपिऊ घालते, राहू देते. तिकडे दत्ताभाऊ किनाऱ्यावर कासवांची अंडी राखत असतात. ही भूमिका मोहन आगाशेंची, आणि ते मुळात मानसोपचारतज्ज्ञ.

(दृश्य : देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव.)

देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोर हे कासव भेटतं. गीतेतलंही कासव असंच, सगळे अवयव आत ओढून घेणारं. माझा दादा नैराश्याने आजारी होता तेव्हा येणारे-जाणारे म्हणायचे, “कोशात गेलाय, बाहेर काढा त्याला.”

पण कोकणच्या किनाऱ्यावर येतं ते ऑलिव्ह रिडले, समुद्री कासव. त्याला डोकं आणि वल्ह्यासारखे पाय कवचात घेताच येत नाहीत. पाठीवर ढाल आहे, मान मात्र कायम बाहेर. या चित्रपटात मला माझा दादा सापडला तो इथे. तो आत गेलेलाच नव्हता. आत जायला त्याला जागाच नव्हती. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, “काय रे, बरा आहेस ना?” हे सगळं थेट त्याच्या अंगावर यायचं. दार लावून बसलेला तो आम्हाला लपलेला दिसायचा. खरं तर तो उघड्यावर होता.

दिग्दर्शकांच्या मनात हाच अर्थ होता, असा माझा दावा नाही. पण आमच्या घराला तो उपयोगी पडला. आईने प्रश्न विचारणं बंद केलं. दुपारी मेथीची जुडी घेऊन ती त्याच्या खोलीत निवडत बसायची. कधी तोही चार काड्या खुडायचा, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. भाजी निवडून झाली की ती उठायची.

(दृश्य : वेळास, ता. मंडणगड. टोपली उचलणारे हात.)

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून ती अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात पुरतात. पिल्लं निघायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतात. साधारण पन्नास दिवसांनी टोपलीखाली काळपट, तळहातावर मावणारी पिल्लं वळवळताना दिसतात. ती थेट पाण्यात टाकत नाहीत, ओल्या वाळूवर सोडतात. लाट एखाद्याला मागे फेकते, ते पुन्हा चालू लागतं. माणसं दोरीच्या अलीकडे उभी असतात, कावळ्यांवर नजर ठेवून.

मला ते कुंपण, ती टोपली आणि ती नजर फार महत्त्वाची वाटते. ‘त्याचं तो बघेल’ म्हणून हात झटकणं वेगळं. दादाला डॉक्टर लागले, गोळ्या लागल्या, त्या बदलूनही पाहाव्या लागल्या. आईची मेथी हे औषध नव्हतं. औषध लागू पडेपर्यंतचे दिवस मात्र तिच्यामुळे निघाले.

२००४ च्या ‘देवराई’तही याच दिग्दर्शकांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताण दाखवली होती. शेजारी बसणारं माणूसही थकतं. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.