लाल पेनातून सुटलेले मेसेज

[अंधार. लाकडी टेबलावर ठेवलेला फोन थरथरतो. थांबतो. पुन्हा थरथरतो.]

कऱ्हाड. सकाळचे सव्वासहा. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोरून येतात, भेटतात आणि एकत्र वळतात. प्रीतिसंगमावर चालायला येणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळी नोकरी हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेली. गाव त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतं, आपणही तेच म्हणू.

सरांच्या खिशाला आजही दोन पेनं असतात. निळं लिहायला, लाल तपासायला.

[वहीचं पहिलं पान, जवळून.]

ही वही २०२२ च्या पावसाळ्यातली. दोनशे पानी, वर खाकी कव्हर. फोनवर फसवा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घ्यायची, वहीत चिकटवायची आणि दहावीच्या पेपरासारखी तपासायची. सुरुवातीला हा निव्वळ टाइमपास होता, असं सर सांगतात. आम्हाला वाटतं, तपासायची सवय सुटत नव्हती.

पहिल्या पानावरचा मेसेज त्या वर्षी महाराष्ट्रात घरोघरी गेला होता. डिअर कन्झ्युमर, तुमची ‘इलेक्ट्रिसिटी पॉवर’ आज रात्री साडेनऊला तोडली जाईल, कारण मागच्या महिन्याचं बिल ‘वॉज नॉट अपडेट’. खाली ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिसर’चा मोबाइल नंबर. सरांचा विषय मराठी, पण ‘वॉज नॉट अपडेट’खालची लाल रेघ कागद फाटेल इतकी दाबून मारलेली आहे.

[विजेचा खांब. शिडी. वायरमन वर चढतोय.]

त्या दिवसांत सरांनी गल्लीतल्या वायरमनला मेसेज वाचून दाखवला. तो खांबावरूनच बोलला, “दिवसा बोलावलं तरी येत नाही म्हणून आमच्या तक्रारी करता, आन् रात्री साडेनऊला कोण चढतंय वर?”

कायदाही तेच म्हणतो, जरा सभ्य भाषेत. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि मध्ये पंधरा दिवस पूर्ण जावे लागतात. म्हणजे ‘आज रात्री’ हा शब्द दिसला की पुढचं वाचायची गरजच नव्हती.

[पानं उलटतात. पंख्याचा आवाज.]

मग मेसेज मराठीत यायला लागले. सरांचे दिवस फिरले म्हणायला हरकत नाही. ‘विज कनेक्शन’. सर म्हणतात, वी दीर्घ. ‘आपला खाता ब्लॉक केला गेला आहे’. खातं मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. म्हणजे हा मजकूर हिंदीतून आलाय, आमच्या बँकेतून नाही. ‘लिंक वर’ तोडून लिहिलंय. ‘आपण विनंती आहे की’. एका पानावर अकरा चुका. त्या पानाखाली शेरा आहे: ‘पालकांना भेटण्यास सांगणे.’

याच वहीवर ज्येष्ठ नागरिक संघात वर्ग सुरू झाला. दर गुरुवारी, देवळाच्या सभामंडपात, भजनाच्या आधी अर्धा तास. सर मेसेज मोठ्यानं वाचायचे, मंडळी चुका काढायची. नियम एकच आणि सोपा. चूक शोधा, चोर सापडेल.

[वर्गाचं जुनं मोबाइल चित्रण. हशा. कुणीतरी ओरडतं, “दीर्घ, सर, दीर्घ!”]

हे चित्रण संघातल्याच एकांनी केलेलं आहे, म्हणून थोडं हलतं.

आता वहीचा शेवटचा तिसरा हिस्सा बघा. पानांवरचं लाल कमी होत जातं. आठ चुका. तीन. एक, तीही ओढूनताणून काढलेली. आणि मग हे पान.

[पान. पूर्ण स्वच्छ.]

‘मा. ग्राहक, आपले मागील देयक प्रणालीमध्ये अद्ययावत न झाल्याने रु. १२ इतकी रक्कम प्रलंबित दिसत आहे. गैरसोय टाळण्यासाठी खालील दुव्यावर तपशील पडताळून घ्यावा.’

देयक. प्रणाली. प्रलंबित. दुवा. अनुस्वार जागच्या जागी. बारा रुपयांसाठी कुणी बँकेत विचारायला जात नाही, भरून मोकळा होतो. आणि भरताना कार्डावरचे सोळा आकडे, मागचे तीन आकडे आणि ओटीपी स्वतःच्या हातानं लिहून देतो. हवे असतात ते हेच. बारा रुपये नव्हे.

असं मराठी कोण लिहून देतं? आता यंत्र देतं. इंग्रजी किंवा हिंदी मजकूर टाका, शासकीय थाटाचं मराठी मागा, काही सेकंदांत मिळतं. ज्या भाषेत चोराची जीभ अडखळायची, तीच त्याला फुकट पाठ करून मिळाली.

[पितळी डबा. त्यात सुपारी कातरणारे हात. चेहरा दिसत नाही.]

वर्गातल्या एका काकूंनी असाच एक मेसेज दोनदा वाचला. चूक सापडली नाही, म्हणून खरा धरला. रक्कम सांगायची नाही, या अटीवर त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या.

[वीस सेकंद. फक्त अडकित्त्याचा आवाज.]

पुढच्या गुरुवारी सरांनी फळ्यावरचा जुना नियम पुसला. आणि मेसेज कुठून वाचायला सुरुवात करायची, तेच बदललं. मजकूर नंतर, आधी वरची ओळ. पत्र आलं की आपण आधी पाकीट उलटून बघायचो, कुणाचं आहे. तसं.

[फोनचा पडदा. वरच्या ओळीवर भिंग.]

हा भाग थोडा सावकाश घेऊ. तो कुणी नीट सांगत नाही.

महावितरणचा मेसेज येतो, तेव्हा वर दहा आकडी नंबर नसतो. तिथं असतं ‘व्हीएम’, आडवी रेघ, ‘एमएसईडीसीएल’. किंवा ‘एएम’, किंवा ‘जेएम’, आणि पुढे तेच. रेघेच्या पुढचं नाव पाठवणाऱ्याचं; याला हेडर म्हणतात. मागच्या दोन अक्षरांपैकी पहिलं मोबाइल कंपनीचं: व्ही वोडाफोनचा, ए एअरटेलचा, जे जिओचा. दुसरं परिमंडळाचं. एम म्हणजे मुंबई. एसटीच्या पाटीवर डेपो लिहिलेला असतो ना, तोच प्रकार.

हे हेडर वाटेल त्याला मिळत नाही. दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, २०१८ साली नियम केले. धंद्यासाठी मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकानं आपलं नाव, हेडर, इतकंच काय, मजकुराचा साचासुद्धा आधी नोंदवायचा. साच्याशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडवायचा. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी पहिल्यांदा खरोखर लावली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले. बँकांनीच साचे नीट नोंदवलेले नव्हते. आठवड्यासाठी चाळणी काढून ठेवावी लागली. १ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक गाळणी आली: या मेसेजमधली लिंकसुद्धा आधी नोंदवलेली हवी. आणि २०२५ मध्ये हेडरला शेपूट आलं. शेवटी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

[सभामंडप. आजींच्या मांडीवर फोन, डोळ्यांवर चष्मा, बोट पडद्यावर.]

“जी म्हंजे गव्हर्मेंट का वो?” “हो, मावशी.” “मग आमच्या रेशनच्या मेसेजाला हाय की ते.”

साठीच्या पुढच्या तीस माणसांनी एका दुपारी हे शिकून घेतलं. कठीण अजिबात नव्हतं. सांगायलाच कुणी आलं नव्हतं.

हेडरही सोवळं नाही. काही हेडर आणि साचे भलत्यांच्या हाती लागले होते, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रायनं सगळ्यांची फेरतपासणी करायला लावली होती. पण एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा चोर साध्या दहा आकडी नंबरावरून लिहितो, नाहीतर थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तिथं ना हेडर, ना साचा, ना गाळणी. फोटोत मात्र बँकेचं बोधचिन्ह लावलेलं असतं.

[मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ट्रेमध्ये स्क्रू, चिमटे, उघडलेले फोन.]

बसस्टँडसमोरचं हे दुकान. मालकाचं वय जेमतेम पंचवीस. त्याच्याकडे हल्ली फुटलेल्या काचेच्या फोनांइतकेच फसवी फाइल उघडलेले फोन येतात. तो आम्हाला एक दाखवतो. सोसायटीच्या ग्रुपवर, ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून फाइल आलेली: ‘आरटीओ चलन’, शेवटी टिंब आणि एपीके.

“चलन म्हणलं की माणूस आधी गाडी कुठं लावली होती तेच आठवतो बघा,” तो म्हणतो. “फाइलचं शेपूट कोण बघतंय.”

एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटो नव्हे. ते अ‍ॅप असतं. दाबलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं आहे, बसवू का? हो. मेसेज वाचू देऊ का? हो. झालं. इथून पुढं तुमचे ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याला दिसतात आणि तुमच्याच नंबरावरून तीच फाइल तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. म्हणून ती ओळखीच्या नंबरावरून आलेली असते.

[चिमट्यानं सिमचा ट्रे बाहेर. फार जवळून.]

त्याचं पहिलं काम हे. आधी सिम बाहेर, वायफाय बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं. फोटो काढून घ्यायचे आणि फोन पार कोरा करायचा. बोलता बोलता त्याचे हात चालू असतात. पैसे किती घेतोस विचारलं, तर हसला.

पैसे गेले असतील तर १९३०. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला होता: ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसानीचा भार ग्राहकावर नाही. ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, असंही त्यात होतं. आणि पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद मेसेज आला, तर तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर, ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत टाकता येतो.

[एका बँक शाखेचं शटर. बाहेरून.]

आत चित्रण करू दिलं नाही, म्हणून शटर दाखवतोय.

एक प्रश्न आत विचारायचा होता, तो सरांनाच विचारला. चोरांचं मराठी सुधारलं, तुमच्या बँकेचं काय? सरांनी उत्तर दिलं नाही. फोन काढला, खऱ्या हेडरवरून आलेला बँकेचा खरा मेसेज उघडला आणि झेरॉक्सवाल्याकडे गेले.

[प्रिंट बाहेर येते. फेविकॉल. वहीचं नवं पान.]

मेसेज इंग्रजीत. खात्याचे आकडे फुल्यांनी झाकलेले, शब्द अर्धवट तोडलेले, वाक्य कुठं संपतं ते कळत नाही. शेवटी ‘नॉट यू?’ आणि एक फोन नंबर. धोक्याच्या वेळी ज्या ओळीवर सगळं अवलंबून, ती ओळ वर्गातल्या तीसपैकी चार जणांना वाचता आली. बारा रुपयांचा खोटा मेसेज सगळ्यांना वाचता आला होता.

त्याच बँकेचा दुसरा मेसेज, मराठीत. तोही खरा. ‘आपला केवायसी पूर्ण करण्या साठी शाखा ला भेट द्या.’

[लाल पेनाचं टोपण निघतं. रेघ. गोल. आणखी एक गोल. दूर घाटावर देवळाची घंटा.]

सर बराच वेळ तपासतात. मग समासात गुण लिहितात.

शंभरपैकी पस्तीस.

“काठावर पास केलाय,” ते म्हणतात. “खरा आहे म्हणून.”

[फेविकॉल वाळेपर्यंत पानावर तळहात. पडदा हळूहळू काळा. फोन थरथरतो.]