सहा पेल्यांतला क्लोरीन

मंडळी, बोलायला उभं राहण्याआधी मी इथं काय मांडलं ते तुम्ही पाहिलंत. सहा पांढरे पेले, त्यांत आमच्या खानापूरकडच्या गावातल्या विहिरीचं पाणी. काळ्या पेल्यात ब्लिचिंग पावडर कालवलीय. तिच्यावरचं निवळ पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत घातलं. आता अर्धा तास हात लावायचा नाही. अध्यक्षांनी मलाही तेवढाच वेळ दिलाय.

विषय हॅलोजनचा. हॅलोजन म्हणजे मीठ घडवणारा. आवर्त सारणीतल्या एका उभ्या रांगेतली, म्हणजे एका गणातली ही मूलद्रव्यं, वरून खाली फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. मीठ आपल्याला नवं नाही, गोव्याच्या आगरातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून इकडं यायचं. पण मला बोलायचंय एका वाक्याबद्दल: ‘गणात वरून खाली जाताना क्रियाशीलता कमी होते.’ किती वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं, परीक्षेत गुणही मिळवले. डोळ्यांनी मात्र कुणी पाहिलं नाही. याची मला मनापासून खंत आहे.

मला ते दिसलं विहिरीवर. निवृत्तीनंतर गावी राहायला गेलो, तो पावसाळा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! विहिरीचं पाणी चहासारखं झालेलं, गल्लीत दोन घरांत जुलाब. पावडर टाकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “घातलीय की सर, कालच दोन घमेली. वास येतोय न्हवं!” वास येत होता खरा. मी पोतं बघायला गेलो. वळचणीला पडलेलं, तोंड उघडं, पावडरीची दमट ढेकळं झालेली. ताज्या पावडरीत शेकडा 33 च्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. पोतं असं राहिलं की तो उडत जातो आणि मागं उरतो चुनखडा.

आशाताईंनी आरोग्य केंद्रातून हा हॉरॉक्सचा डबा आणला, पाण्याला किती पावडर लागते ते तपासायचा. आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर पेले मांडले आणि छत्री धरली ती पेल्यांवर. अर्ध्या तासानं स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन-तीन थेंब टाकले. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी निळं व्हायला हवं. सहाच्या सहा पेले कोरे! घागर घेऊन उभी असलेली एक आजी म्हणाली, “मग इतके दिवस आम्ही काय पिलाव, मास्तर?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नवं पोतं यायला दोन दिवस गेले. त्या पावडरीनं तिसरा पेला निळा झाला. तिसरा म्हणजे, पेल्यामागं दोन ग्रॅम धरून, 455 लिटरला तीन दुणे सहा ग्रॅम पावडर. विहीर 4 मीटर रुंद, पाणी 3 मीटर, म्हणजे सुमारे 37,700 लिटर. हिशोब येतो अर्ध्या किलोवर. घमेली कशाला लागतात?

आता निळा का, ते बघा. पहिल्या दोन पेल्यांतला क्लोरीन पाल्यापाचोळ्याच्या घाणीशी झटण्यातच संपला. तिसऱ्यात थोडा शिल्लक राहिला. त्यानं आयोडाइडचा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा घेऊन बसलेल्या आयोडीनचा, तो इलेक्ट्रॉन हिसकावला, आयोडीन सुटा झाला आणि त्यानं स्टार्च निळा केला. वरचा खालच्याकडून घेतो. माझं फळ्यावरचं वाक्य त्या पेल्यात होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

या सगळ्या हॅलोजनांच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, आठाला एक कमी. अणू लहान तेवढी केंद्रकाची ओढ जबर. फ्लोरीनची दोन कवचं, आयोडीनची पाच. म्हणून ओढीचा क्रम फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. 1826 मध्ये बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं मिठागराच्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडला आणि त्यातून ब्रोमीन निघाला, म्हणजे आपल्या पेल्यातलीच क्रिया. फ्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारं रसायन हाताशी नव्हतं, म्हणून तो सुटा मिळायला 1886 उजाडलं. म्वासाँ या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तो विजेनं काढला आणि 1906 चं नोबेल मिळवलं.

उकळण्याचं उलटं आहे. अणू मोठा होईल तसे रेणू एकमेकांना जास्त धरून राहतात. फ्लोरीन उणे 188 अंशांना उकळतो, क्लोरीन उणे 34, ब्रोमीन 59, आयोडीन 184. म्हणून पहिले दोन वायू, तिसरा द्रव, चौथा खडा. आम्लांबद्दलही सांगायचं होतं, ते राहिलं.

अर्धा तास झाला. मागच्यांनी पुढं या. थेंब टाकतोय… पहिला कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यात नुसती झाक. चौथा बघा, स्वच्छ निळा! म्हणजे 455 लिटरला आठ ग्रॅम. थांबा, आशाताईंना आत्ताच फोन लावतो.