उघडे राहिलेले लोखंडी दरवाजे

मित्रहो,

समोर अग्निशमन दलातले जवान बसलेत, निवृत्त अधिकारी आहेत, आणि ज्यांच्या घरातला माणूस आगीच्या वर्दीवर गेला आणि परत आलाच नाही अशी कुटुंबंही आहेत. तुमच्यासमोर शौर्याविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मी एका माणसाविषयी बोलणार आहे. त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण त्याने घालून दिलेले नियम तुम्ही आजही पाळता. त्याचं नाव जेम्स ब्रेडवुड.

२२ जून १८६१ रोजी लंडनमध्ये, टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेली आग विझवताना एक भिंत त्यांच्या अंगावर कोसळली आणि ते जागीच गेले. वय साठ. लंडनच्या अग्निशमन दलाचे ते प्रमुख होते. त्यांच्याविषयी जिथे कुठे वाचाल, तिथे ही भिंत आणि नंतरची भव्य अंत्ययात्रा हमखास येते. मीही वाचायला सुरुवात तिथूनच केली. मग एका साध्या वाक्यापाशी अडलो. गोदामांमधल्या भिंतींना आग अडवण्यासाठी लोखंडी दरवाजे होते, आणि त्या दिवशी ते उघडे राहिले होते. मला वाटतं, ब्रेडवुड यांची आठवण काढायची तर या दरवाजांपासून काढावी. कारण हा माणूस आयुष्यभर अशाच गोष्टींविषयी बोलत आला होता.

त्यांचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरामधला. वडील लाकूडकाम आणि बांधकामाच्या व्यवसायात होते, त्यामुळे तुळई कशी बसते, छप्पर कशावर टेकतं, भिंत कुठे कमकुवत असते, हे मुलाला लहानपणापासून दिसत होतं. १८२४ मध्ये शहराने स्वतःचं अग्निशमन दल उभं केलं आणि त्याची सूत्रं या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे दिली. विमा कंपन्यांच्या तुकड्या तोवर होत्या, पण शहराने सगळ्या नागरिकांसाठी चालवलेलं दल ही नवी गोष्ट होती. नव्या दलाला जेमतेम काही आठवडे झाले होते, आणि नोव्हेंबरमध्ये एडिंबराच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग लागली. जुन्या शहरातल्या उंच, दाटीवाटीच्या इमारती दिवसचे दिवस जळत राहिल्या, ट्रॉन चर्चचा मनोरा पेटला. जवान अजून पुरते तयार नव्हते. त्यात घटनास्थळी हुकूम सोडणारे भरपूर. दंडाधिकारी एक सांगत, दुसरा कुणी वजनदार माणूस दुसरं सांगे. नंतर चौकशी झाली आणि त्यातून जे ठरलं ते तुम्हाला आज इतकं स्वाभाविक वाटतं की ते कधी ठरवावं लागलं असेल हेच लक्षात येत नाही. आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालेल, दलाच्या प्रमुखाचा.

मग त्यांनी माणसं घडवायला घेतली. भरती केली ती कारागिरांची: छपरं शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे. छपरावर रोज चढणाऱ्याला अंधारातही छप्पर कळतं, आणि सुताराला तुळई करकरली की ती किती वेळ धरेल याचा अंदाज असतो, असा त्यामागचा सरळ विचार. सराव पहाटेच्या अंधारात घेत. शिकवत काय? धुरात उभं राहू नका, जमिनीलगत सरका, कारण श्वास घेण्याजोगी हवा असली तर ती तिथेच असते. जळत्या घरात एकट्याने शिरू नका. एक गुदमरला तर दुसऱ्याने त्याला ओढून आणायला हवं. आणि सर्वांत महत्त्वाचं: रस्त्यावर उभं राहून ज्वाळांवर पाणी उडवत बसू नका. आत जा, आगीच्या जवळ जा, जे जळतंय नेमकं त्याच्यावर पाणी मारा. लांबून मारलेलं पाणी बहुतेक वाया जातं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. १८३० मध्ये, तिशीत, त्यांनी हे सगळं पुस्तकात लिहून काढलं: बंबाची रचना, जवानांचं प्रशिक्षण, आगीच्या वेळी करायच्या गोष्टी.

ते स्वतः कसे वागत, त्याची एक हकिकत सांगतो. एडिंबरात एका लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली होती आणि आत बंदुकीची दारू आहे असं कळलं. ब्रेडवुड आत शिरले, एक पिंप उचलून बाहेर आणलं, परत आत गेले आणि दुसरं आणलं. मला यातलं ते दुसऱ्यांदा आत जाणं जास्त मोठं वाटतं. पहिल्या वेळी माणूस आवेगात जाऊ शकतो. दुसऱ्या वेळी आत काय आहे ते त्याने पाहिलेलं असतं.

१८३३ मध्ये लंडनमधल्या दहा विमा कंपन्यांनी आपापल्या तुकड्या एकत्र करून एक दल उभं केलं आणि ब्रेडवुड यांना बोलावून घेतलं. एवढ्या अवाढव्य शहरासाठी सुरुवातीला जवान किती? सुमारे ऐंशी. बंब हाताने दांडे मारून चालवायचे. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८३४ ला, ब्रिटिश संसदेची इमारत जळाली. तिथेही हेच दल लढलं, आणि मध्ययुगातलं वेस्टमिन्स्टर हॉल वाचलं. हे दल सरकारी नव्हतं, हे लक्षात घ्या. विमा कंपन्या पैसे देत होत्या आणि त्यांचा हेतू विमा उतरवलेली मालमत्ता वाचवणं हा होता. सरकार आणि शहर, दोघंही त्या सावलीत निवांत होते.

आता मुद्द्याकडे येतो. थेम्सच्या काठाने मोठमोठी गोदामं उभी राहत होती. पाच-सहा मजली, आत कापूस, ताग, चरबी, साखर, चहा, मसाले, सोरा, एकावर एक रचलेलं. ब्रेडवुड यांनी या गोदामांविषयी अनेक वर्षं इशारा दिला. आडव्या भिंती न घालता एवढी मोठी जागा एकसंध ठेवलीत आणि एक मजला नीट पेटला, तर ती आग विझवण्याची ताकद लंडनमधल्या कुणाकडेच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे स्वतः दलाचा प्रमुख सांगतो आहे! आपण कमी पडू हे आधीच, उघडपणे आणि कारणांसह सांगायला केवढं धैर्य लागत असेल. बंदुकीच्या दारूचं पिंप उचलण्याइतकंच हेही मला थोर वाटतं.

लोखंडाबद्दलही त्यांनी लोकांना सावध केलं. त्या काळात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब वापरून ‘अग्निरोधक’ इमारती बांधण्याची लाट होती, कारण लोखंड जळत नाही. जळत नाही, हे खरं. पण तापलं की त्याची ताकद जाते, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. जाड लाकडी तुळई हळूहळू जळते आणि पडण्याआधी इशारा देते. बिडाचा खांब काहीही न सांगता जातो. आत शिरलेल्या जवानाच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ काय होतो ते तुम्हाला समजावण्याची गरज नाही. १८४९ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे अग्निरोधक इमारतींवर निबंध वाचला. पाच वर्षांआधी आगीसाठी पाण्याचा मोठा साठा कसा उपलब्ध करावा, यावरही त्यांनी तिथे निबंध वाचला होता.

त्यांचं चुकलंही, आणि तेही सांगायला हवं. वाफेवर चालणारा बंब १८२९ मध्येच तयार झाला होता. ब्रेडवुड यांनी तो जवळपास तीस वर्षं दूर ठेवला. एवढा जोर हाती आला की जवान लांबूनच पाणी मारत राहतील, आत जाणार नाहीत, ही भीती होती. त्यामागचं तत्त्व मला पटतं. पण शहर वाढत होतं, गोदामं उंच होत होती, आणि हाताच्या बंबांची झेप तेवढीच राहिली होती. अखेर १८६० च्या सुमारास वाफेचा बंब दलात आला, तेव्हा फार उशीर झाला होता.

तर २२ जून १८६१. शनिवार, दुपार उलटून गेलेली. लंडन ब्रिजजवळ, टूली स्ट्रीटलगतच्या कॉटन्स व्हार्फ या धक्क्यावरच्या गोदामात आग लागली. लोखंडी दरवाजे उघडे असल्याने ती एका भागातून दुसऱ्यात सहज गेली. नदी अगदी शेजारी होती, पण ओहोटी होती. नदीतले तरंगते बंब पाणी नीट मिळेल इतके जवळ येऊ शकत नव्हते. वितळलेली चरबी जळत जळत थेम्सच्या पाण्यावर पसरली. पुलावर आणि काठावर हजारो लोक बघायला जमले होते.

संध्याकाळी सातच्या सुमारास ब्रेडवुड आपल्या माणसांना पाहायला एका गल्लीत आले. तासन्‌तास उष्णतेत उभे राहून जवान थकले होते, त्यांना थोडा आधार द्यावा म्हणून. तेवढ्यात आत स्फोट झाला, शेजारची भिंत फुगली आणि खाली आली. त्यांच्यासोबत पीटर स्कॉट हेही गेले. ते एका कारखान्याच्या खासगी दलातले जवान होते.

भिंत का फुगते? आतल्या तुळया तापून लांब होतात आणि भिंतीला बाहेर ढकलतात. मजले कोसळले की भिंतीला आतून धरून ठेवणारं काही उरत नाही. ताग आणि कापूस पाणी पिऊन फुगतात, वजन वाढतं, तेही भिंतीवर रेटा देतं. म्हणूनच आज तुम्हाला शिकवतात की धोक्याच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवा. दीडपट का, तर विटा पडताना एका ठिकाणी थांबत नाहीत, उसळून पुढे येतात. हा आकडा कुणी टेबलाशी बसून काढलेला नाही. जगभरात अशा भिंतींखाली गेलेल्या माणसांनी तो मोजून दिला आहे. तुमच्या कमरेला असलेलं ते यंत्र, जवान तीस सेकंद हलला नाही की किंचाळू लागणारं, त्याच्याही मागे असंच कुणीतरी आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. नुकसान सुमारे २० लाख पौंडांचं होतं. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले आणि सरकारला कळवलं की लंडनची जबाबदारी आता आमच्याने पेलवणार नाही. १८६२ मध्ये संसदेची समिती बसली, १८६५ मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनला पहिल्यांदा सार्वजनिक पैशांतून चालणारं अग्निशमन दल मिळालं. प्रमुख होते ब्रेडवुड यांच्या जागी आलेले आयर मॅसी शॉ. एडिंबरामध्ये २००८ साली ब्रेडवुड यांचा पुतळाही उभा राहिला. हे सगळं चांगलंच झालं. पण ज्या माणसाने सांगून ठेवलं होतं, त्याच्या मरणानंतर ते करावं लागलं, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

शनिवारी संध्याकाळी भिंत पडली. ढिगारा इतका तापलेला होता की दोन दिवस हात घालता आला नाही. सोमवारी त्यांचा देह मिळाला. पुढच्या शनिवारी, २९ जूनला, अंत्ययात्रा निघाली. ती दीड मैल लांब होती. दुकानं बंद, चर्चच्या घंटा वाजत होत्या. यात्रा एबनी पार्कच्या दफनभूमीकडे जात होती, आणि तिकडे नदीकाठची गोदामं अजून धुमसत होती. ती आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले.