स्वर्गात मासे असतील का?

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर लागला की ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांत एक काम ठरलेलं असतं. दफनभूमीत जायचं, आपल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून काढायच्या, पावसात माजलेलं गवत उपटायचं, झेंडू वाहायचा, मेणबत्त्या लावायच्या. २ नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, झाली की फादर कबरींमधून पवित्र पाणी शिंपडत फिरतात. वाऱ्याने मेणबत्त्या विझतात, मग शेजारच्या कबरीपाशी उभ्या असलेल्यांकडे काडेपेटी मागायची, आणि त्या निमित्ताने वर्षभर न भेटलेल्या माणसांची चौकशी होते.

आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं, "तुमच्यात माणूस गेला की स्वर्गात जातो ना गं? मग कबरीला एवढं कशाला जपता?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही पटकन देता येत नाही. कारण स्वर्ग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. पांढरे ढग, पंखवाले देवदूत, हातात वीणेसारखं काहीतरी, आणि दाराशी किल्ल्या घेऊन बसलेला संत पेत्र. हे चित्र विनोदांना बरं आहे. पण तिथे अनंतकाळ बसून राहायचं म्हटलं तर मला तरी दुसऱ्याच दिवशी कंटाळा येईल.

दर रविवारी चर्चमध्ये आम्ही जो विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो, त्यात ढगांचा उल्लेख नाही. त्यात शेवटी येतं ते मेलेल्यांचं पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगातलं जीवन. हा विश्वासांगीकार चौथ्या शतकातला, ३२५ सालच्या निकेया परिषदेचा आणि ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा. म्हणजे श्रद्धा दोन टप्प्यांची आहे. माणूस मेला की तो देवाजवळ जातो. शेजारच्या क्रुसावर टांगलेल्या चोराला येशूने सांगितलंच होतं की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पण गोष्ट तिथे संपत नाही. शेवटी देह पुन्हा उठणार आहे. हा दुसरा टप्पा आम्ही तोंडाने म्हणतो आणि मनातून विसरतो. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कबरीत जे ठेवलंय ते टाकून दिलेलं नाही.

याच श्रद्धेपायी ठाण्याच्या मातीतून हाडं चीनला गेली आहेत. १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाच्या चार धर्मबंधूंना इथे ठाण्यात ठार मारण्यात आलं. तोलेन्तिनोचा थॉमस हा त्यांच्यातला ज्येष्ठ. त्या काळी ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची, ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, त्यांच्याकडे हे उतरले होते. पुढे ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा प्रवासी या किनाऱ्यावर आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी काढून घेतल्या, गाठोडं बांधलं आणि समुद्रमार्गे थेट चीनमधल्या जैतून बंदरापर्यंत नेल्या. त्या दिवसांत जहाजावर एवढं ओझं सांभाळायचं म्हणजे थट्टा नव्हे. आत्मा स्वर्गात पोचला, आता हाडांशी काय देणंघेणं, असं त्याला वाटलं असतं तर तो मोकळ्या हातांनी गेला असता.

आज आमच्याकडे जागेची अडचण वेगळी. दफनभूमी लहान, माणसं वाढलेली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ठरावीक वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात आणि भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवतात. पुढे लहानशी संगमरवरी फरशी, तिच्यावर नाव आणि दोन तारखा. एका फरशीमागे कधी कधी आजी, आजोबा आणि काका असे तिघंही असतात. कॅथलिकांना १९६३ पासून दहनाचीही मुभा आहे. मात्र २०१६ साली व्हॅटिकनने बजावलं की राख घरात ठेवायची नाही, पाण्यात किंवा वाऱ्यावर सोडायची नाही, पवित्र जागीच ठेवायची. मग राखेतून देह कसा उठणार? हा प्रश्न करिंथ या ग्रीक शहरातल्या लोकांनी येशूचा प्रेषित पौल यालाही विचारला होता. त्याने दाण्याचं उदाहरण दिलं: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. रोप दाण्यासारखं दिसत नाही, पण ते त्याचंच असतं. त्यापुढचं पौलही सांगत बसला नाही.

तर असा उठलेला देह असेल कसा? आमच्याकडे त्याचा नमुना एकच, तो म्हणजे पुनरुत्थित येशू. बंद दारांतून तो आत येतो, ओळखीचे लोक त्याला चटकन ओळखत नाहीत. तरी त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. शिष्य घाबरले, भूत समजले, तेव्हा त्याने विचारलं, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला, तो त्याने त्यांच्यासमोर खाल्ला. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, तर तो पहाटे सरोवराकाठी स्वतः कोळशाचा विस्तव करून बसलाय, विस्तवावर मासळी आहे, बाजूला भाकर आहे. रात्रभर जाळी टाकून हात हलवत परतणाऱ्या शिष्यांना तो पुन्हा जाळं टाकायला सांगतो, १५३ मोठे मासे मिळतात, आणि मग तो म्हणतो, या, न्याहारी करा.

मी रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. तिथे एका पोराने विचारलं, "टीचर, स्वर्गात बांगडा मिळेल?" सगळे हसले. मी त्याला हा उतारा वाचून दाखवला. मिळेल असं मी म्हटलं नाही, पण तुझा प्रश्न मूर्खपणाचा नाही एवढं सांगितलं. यशया संदेष्ट्याने तर देवाच्या मेजवानीचा बेतच दिलाय: मज्जेने भरलेलं मांस आणि जुना मुरलेला द्राक्षारस. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिकांच्या, लग्नातल्या आचाऱ्याला हा बेत समजावून सांगावा लागणार नाही.

आता बायबलच्या शेवटच्या पुस्तकाकडे, प्रकटीकरणाकडे येते. तिथे योहान म्हणतो, मी नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहिली. लक्ष द्या, पृथ्वी सोडून जाणं नाही, पृथ्वीच नवी. आणि वर चढून जाणारी माणसं नाहीत, तर देवाकडून खाली उतरणारं एक शहर. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर. असला प्रचंड चौकोनी ठोकळा कुणी नकाशावर मांडू नये. हे माप खुणेचं आहे. यरुशलेमात शलमोन राजाने बांधलेल्या मंदिरातली सर्वांत आतली खोली, परमपवित्रस्थान, असंच तिन्ही बाजूंनी सारखं होतं, २० हात बाय २० हात, उंचीही २०. त्या खोलीत वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जाऊ शकत असे. योहानाला म्हणायचंय की आता अख्खं शहरच ती खोली झालंय. म्हणून शहरात वेगळं मंदिर नाही. सोन्याच्या रस्त्यांचं सगळ्यांना कौतुक, मला मात्र हे मंदिर नसणं फार मोठं वाटतं.

त्याच उताऱ्यात एक वाक्य आहे की समुद्र उरला नाही. आमच्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हे वाचून दाखवायचं म्हणजे पंचाईतच. पण लिहिणारा पात्म बेटावर अडकलेला माणूस. त्याला आपल्या मंडळींपासून तोडणारा तो समुद्रच. शिवाय जुन्या इब्री लोकांना समुद्र म्हणजे अंदाधुंदी, अक्राळविक्राळ श्वापदांचं घर. ते संपलं एवढाच त्याचा रोख. कोळ्यांनी होड्या विकायची गरज नाही.

मग तिथे करायचं काय? परंपरेचं उत्तर आहे, देवाला पाहायचं. १३३६ साली पोप बेनेडिक्ट बाराव्याने ते ठामपणे लिहून ठेवलं: समोरासमोर, मध्ये काही आडपडदा न ठेवता. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की स्वर्ग ही ढगांमधली जागा नव्हे, ते देवाशी असलेलं जिवंत नातं आहे. निसाचा ग्रेगरी चौथ्या शतकातला, त्याचं म्हणणं मला जास्त भावतं. देव अमर्याद आहे, त्यामुळे त्याच्याकडे जाण्याची वाट संपत नाही, ओढ भागते आणि वाढतेही. माझ्या कंटाळ्यावर एवढं एकच औषध मला आजवर सापडलंय.

विधवा बाया हळूच विचारतात, तिथे नवरा भेटेल का? पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी नावाच्या यहुदी पंथानेही येशूला सात नवऱ्यांच्या बाईचं कोडं घातलं होतं, पण चेष्टेने. तो म्हणाला, तिथे लग्न करत नाहीत आणि करूनही देत नाहीत. नातं राहणार नाही असं मात्र तो म्हणाला नाही.

पंथांमध्ये फरक आहेत. कॅथलिक मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात, कारण देवासमोर जाण्याआधी आत्म्याची शुद्धी व्हावी लागते अशी आमची श्रद्धा. प्रोटेस्टंटांना ती मान्य नाही. ॲडव्हेंटिस्ट नावाच्या पंथाच्या मते मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत निजलेला असतो. आत कोण जाणार यावर तर फारच वाद आहेत. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे खऱ्या मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळ्या पंथांना हे पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, याची. कुठल्या चर्चचा आहेस हे तिथे विचारलेलं नाही.

जाता जाता यशयाच्या पासष्टाव्या अध्यायातली गोष्ट. देव म्हणतो, मी नवं आकाश आणि नवी पृथ्वी निर्माण करतो, आणि लगेच घरांवर येतो. लोक घरं बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं, एकाने लावायचं आणि दुसऱ्याने खायचं, असं तिथे होणार नाही. घोडबंदर रोडला टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग असते, बाहेर दोरीवर लहान मुलांचे कपडे. टॉवर पुरा झाला की पत्रे उतरवून ट्रकवर चढतात आणि ती माणसं पुढच्या साइटवर जातात. खाडीपलीकडे नवी मुंबईत ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर शहर उभं राहिलं, ते आगरी-कोळी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरले. स्वर्गाविषयी बायबलमध्ये जे काही लिहिलंय, त्यात सर्वांत आधी खरी व्हावी अशी माझ्या मते हीच एक ओळ आहे.

नमस्कार.